काळी मेंढी, पांढरा कापूस

दख्खनच्या पठारावरची मेंढी काळी असते. अगदी काळी नसली तर काळपट तपकिरी, एखादीच्या कपाळावर पांढरा टिळा. घोंगडी काळी दिसते ती काही रंगवलेली नसते, लोकरच तशी. दसरा-दिवाळी उलटली की धनगरांचे कळप चाऱ्यामागे पश्चिमेकडे निघतात आणि नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर मोटारींना थांबावं लागतं. अशाच एका रविवारी तालुक्याच्या गावातल्या जुन्या चर्चच्या फाटकासमोरून कळप चालला होता आणि आतल्या खोलीत शब्बाथ शाळेची मुलं पुठ्ठ्याच्या मेंढ्यांवर पांढराशुभ्र कापूस चिकटवत होती. गोष्ट हरवलेल्या मेंढराची. शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्यामागे जातो. एका मुलानं विचारलं, "टीचर, काळा कापूस नाही का?" टीचर म्हणाल्या, "कापूस काळा असतो का कधी? पांढराच लाव. बायबलमधल्या मेंढ्या पांढऱ्या."

बायबलमध्ये काळ्या मेंढ्याही आहेत. याकोब आपला सासरा लाबान याच्याकडे चाकरीचा मोबदला म्हणून कळपातली काळी कोकरं मागून घेतो. उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात तो सगळा व्यवहार आहे, सासरा-जावयांनी एकमेकांवर केलेल्या कुरघोडीसकट. मुलाचा प्रश्न तिथवर पोचला असता तर तास रंगला असता. टीचरना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात छापील पान होतं, पानावर कृती होती, कृतीच्या शेवटी तयार मेंढीचं चित्र होतं, आणि ती मेंढी पांढरी होती. पाऊण तासात मेंढ्या पुऱ्या करायच्या, सोनेरी वचन, म्हणजे पाठ करायची बायबलची ओळ, म्हणून घ्यायचं, खाऊ वाटायचा आणि मोठ्यांची उपासना सुरू व्हायच्या आत खोली झाडून द्यायची. एवढ्या घाईत काळी कोकरं कोण शोधणार?

बायबलमधली गोष्ट मुलांना नुसती न सांगता त्यांच्या हातांनी घडवून घ्यायची, ही पद्धत आता आपल्याकडच्या बऱ्याच चर्चमध्ये रुळली आहे. माती, कागद, रंग, बी-बियाणं, कणीक, जुनी कापडं, सगळं चालतं. मे महिन्यात 'व्हीबीएस' म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा भरते, तेव्हा तर चर्चचं अंगण स्टेशनरीच्या दुकानासारखं दिसतं. नगर, सांगली, वसई अशा ठिकाणचे हे वर्ग पाहताना आणि शिकवणाऱ्या बायकांशी बोलताना (पुरुष क्वचितच भेटले) एक गोष्ट लक्षात येत गेली. हाताला काम लागलं की मुलाच्या तोंडून प्रश्न निघतो. त्या प्रश्नाला कृतीत जागा ठेवलेली असेल तर गोष्ट पुढे सरकते. नसेल तर घरी एक कागदी मेंढी जाते आणि दोन दिवसांनी ती पलंगाखाली सापडते.

जागा ठेवलेली असली की काय होतं, ते त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावात पाहायला मिळालं. येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला चालू होता, चार जागी पडलेल्या बियांचा. टेबलावर चार घमेली. एकात धुमसून घट्ट केलेली माती, म्हणजे वाट. दुसऱ्यात खडीवर बोटभर मातीचा थर. तिसऱ्यात माती, पण हरळीच्या आणि काटेरी तणाच्या मुळ्यांसकट. चौथ्यात तळ्यातला गाळ आणि शेणखत. मुलांनी प्रत्येकात गहू टाकायचे आणि पुढच्या रविवारी काय होतं ते बघायचं, अशी योजना. मुलं शेतकऱ्यांची. गहू टाकता टाकता एक मुलगी थबकली. "पण टीचर, त्यानं वाटेवर बी टाकलंच कशाला?" शेजारचा मुलगा म्हणाला, "येडा हाय का काय तो? बियाणाच्या पिशवीला काय पैसे पडत्यात!" सगळे हसले.

प्रश्न मात्र खरा होता. आपल्याकडे तिफणीनं पेरतात. चाड्यावर मूठ धरायची, बी नळ्यांतून उतरून फणामागच्या तासात पडतं. वाटेवर सांडायचं काही कारणच नाही. येशूच्या काळी गालिलातला शेतकरी झोळीत बी घेऊन चालत चालत हातानं फेकायचा आणि शेतांमधून पायवाटा गेलेल्या असायच्या. थोडं बी वाटेवर, थोडं खडकावर जाणारच. या मुलांना फोकून पेरणं ठाऊक आहे, पण ते मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यापुरतं. टीचर स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी घमेली तशीच ठेवली, मुलांना बाहेर अंगणात नेलं, एकाच्या गळ्यात कापडी पिशवी अडकवली आणि चालत चालत गहू फेकायला सांगितलं. ते कुठे कुठे पडले हे बाकीच्यांनी शोधायचं. काही पायरीवर पडले होते, काही फाटकाबाहेर. शेजारच्या कोंबड्या धावून आल्या आणि दाण्यांवर तुटून पडल्या, तेव्हा दाखल्यातल्या पाखरांवर वेगळं काही बोलायची गरज उरली नाही.

मग नववीतल्या एका मुलानं विचारलं, "बी एवढं महाग असताना देव असा उधळत का सुटतो?" टीचर क्षणभर थांबल्या. "हे मला कधी सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या, "पाळकसाहेबांना विचारू." या दाखल्यावर मी जी काही प्रवचनं ऐकली आहेत त्यांत जमिनीचीच झडती घेतलेली असते. तू वाट आहेस की खडक, तुझ्या मनात काटे किती? पेरणाऱ्याच्या सैल हाताकडे कोणाचं लक्ष जात नाही. ते गेलं बियाण्याचं बिल पाहिलेल्या पोराचं. तीन आठवड्यांनी टीचरना फोन केला तेव्हा कळलं की सगळ्यात आधी खडीवरचे गहू तरारून आले होते. मुलांना तेच घमेलं सर्वांत आवडलं होतं आणि ते पिवळं पडायला लागल्यावर दोघींनी गुपचूप त्याला जास्तीचं पाणी घातलं होतं.

रविवारच्या शाळेत हातकाम मुळात नव्हतंच. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरचा रॉबर्ट रेक्स हा वर्तमानपत्राचा मालक. त्यानं १७८० मध्ये रविवारची शाळा काढली ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांना लिहावाचायला शिकवण्यासाठी. मोकळा वार तेवढा एकच, आणि वाचायचं पुस्तक बायबल. अक्षरओळख, पाठांतर, प्रश्नोत्तरं असा तो साचा मिशनऱ्यांबरोबर जगभर गेला. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. १८७२ मध्ये मिशननं 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक काढलं, पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही त्याचं संपादन केलं. मराठी मुलांसाठी सचित्र मजकूर छापणाऱ्या पहिल्या काही मासिकांतलं ते एक. म्हणजे डोळ्यांची सोय झाली होती, हातांची अजून व्हायची होती. ती झाली न्यूयॉर्कमध्ये. १८९८ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनिया हॉज नावाच्या बाईंनी ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या वस्तीत रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी रोजची बायबल शाळा भरवली. जागा मिळेना म्हणून चक्क बिअरचा गुत्ता भाड्यानं घेतला. गाणी, गोष्टी, खेळ, चित्रं, हस्तकला असा तिथला दिवस. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ही कल्पना शहरभर नेली आणि आज मे महिन्यात आपल्याकडे भरणारी व्हीबीएस ही तिचीच पणती.

नगरच्या जुन्या माणसांना फ्लॅनेलचा फळा आठवतो. ताणून बसवलेलं फ्लॅनेलचं कापड आणि त्यावर चिकटणारी कागदी माणसं, दावीद, गल्याथ, मगरीविना नाईल नदी. (मगर हरवली होती, असं एका आजोबांनी सांगितलं.) पण तो फळा फक्त बाई हाताळायच्या. मुलांनी हात मागे बांधून बसायचं. सत्तरी ओलांडलेल्या एका आजी म्हणाल्या, "गल्याथाला एकदा तरी हात लावावा असं फार वाटायचं हो."

हात लावू देण्याचा विचार खोलवर केला तो रोममधल्या दोन बायकांनी. सोफिया कावालेत्ती या हिब्रू भाषेच्या आणि बायबलच्या अभ्यासक, मुलांशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता. १९५४ मध्ये एका मैत्रिणीनं आपल्या सात वर्षांच्या मुलाला धर्मशिक्षण द्या म्हणून गळ घातली. मुलगा नाखुशीनं आला. कावालेत्तींनी बायबल उघडून उत्पत्तीचं पहिलं पान त्याच्यासोबत वाचायला घेतलं. दोन तास गेले आणि निघायची वेळ झाली तेव्हा पोराच्या डोळ्यांत पाणी. त्यांना नवल वाटलं. मग माँटेसरी शिक्षिका जान्ना गोब्बी त्यांच्या जोडीला आल्या आणि पुढची कित्येक दशकं दोघींनी एकच काम केलं. बायबलमधल्या गोष्टींसाठी मुलांच्या हातात देता येईल असं साहित्य बनवायचं, मुलं त्याचं काय करतात ते पाहायचं, आणि ज्याकडे मुलं पुन्हा वळत नाहीत ते काढून टाकायचं.

बीज मारिया माँटेसरींचंच. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी बार्सिलोनात मुलांसाठी छोट्या खुर्च्यांचं, छोट्या वेदीचं दालन उभं केलं होतं. तिथली मुलं शेतात गहू आणि द्राक्षवेली लावत. मिस्सेची भाकर आणि द्राक्षारस कुठून येतो, हे त्यांना पेरणीपासून ठाऊक होतं. कावालेत्ती-गोब्बींनी हाच धागा पुढे नेला, पण कमालीच्या काटकसरीनं. उत्तम मेंढपाळाच्या दाखल्यासाठी त्यांचं साहित्य म्हणजे लाकडाचा एक गोल कोंडवाडा, एक मेंढपाळ आणि काही मेंढ्या. बस. दाखल्यातली पात्रं चपटी, फळीतून कापलेली. बेथलेहेमचा जन्म किंवा शेवटचं भोजन यांतली माणसं मात्र घडीव, चहू बाजूंनी दिसणारी. घडलेली हकीगत आणि रचलेला दाखला यांतला फरक मुलाच्या बोटांना कळावा म्हणून. असला बारकावा मला कोणत्याही छापील पानात दिसला नाही.

त्याहून महत्त्वाचा त्यांचा एक नियम होता. मेंढरं म्हणजे कोण, हे शिकवणाऱ्यानं सांगायचं नाही. मेंढपाळ मेंढरांना नावानं हाक मारतो, पुढे चालतो, रात्री कोंडवाड्यात घेतो, एवढं सांगून गप्प बसायचं आणि लाकडी मेंढ्या मुलाच्या हवाली करायच्या. मूल त्या पुन्हा पुन्हा आत-बाहेर करतं. कधी काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी ते आपलं आपणच म्हणतं की ही मेंढी मी आहे. कावालेत्तींच्या निरीक्षणात सहा वर्षांच्या आतली मुलं नावानं मारलेल्या हाकेपाशी रमतात, त्याहून मोठी हरवण्या-सापडण्यापाशी. आपल्याकडे मात्र गोंद वाळायच्या आत "तर मुलांनो, आपण सगळे देवाची मेंढरं" हे वाक्य येतं. मूल पोचायच्या आधीच आपण मुक्कामावर जाऊन बसलेले असतो.

अमेरिकेतल्या जेरोम बेरीमन या धर्मगुरूंनी पुढे कावालेत्तींच्या कामावरून आपली पद्धत बसवली. त्यांचं आवडतं साधन म्हणजे वाळूनं भरलेली उथळ पेटी. वाळवंटातला अब्राहामाचा प्रवास तीत बोटांनी होतो, मागे पाऊलखुणा राहतात, आणि गोष्ट संपल्यावर शिकवणारा फक्त "मला नवल वाटतं..." अशा सुरात प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर की चूक, हे सांगत नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली पोर्टस्मथजवळच्या काउप्लेन इथे लूसी मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मेसी चर्च' सुरू केलं, म्हणजे पसाऱ्याचं चर्च. आई-बाप, आजी-आजोबा, पोरं एकत्र बसून हातकाम करतात, प्रार्थना करतात आणि जेवतात. ते जेवणाचं मला फार पटलं.

लाकडी मेंढपाळ रोमहून मागवायला हवा असं काही नाही, हे महाराष्ट्राला तरी सांगावं लागू नये. माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९२६ मध्ये, ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेकांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करून माँटेसरींची पद्धत इकडच्या मातीत लावायला घेतली होती. पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई नि अनुताई वाघांनी आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी महागड्या माँटेसरी साहित्याची जागा शंख-शिंपल्यांना, बियांना, पानांना, मण्यांना दिली. कोसबाड आणि वसई आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. तरीही व्हीबीएसचा तयार संच उघडला की आतून पेंग्विन नाहीतर अंतराळवीर निघतो, अशी तक्रार एका टीचरनी केली. "आमच्या मुलांनी बर्फ फ्रिजमध्येच बघितलाय."

प्रश्न विचारण्याचं काम मुलाकडेच सोपवणारी रीत खरं तर चर्चपेक्षा जुनी आहे. यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या ताटात बिनखमिराची भाकर असते, कडू भाजी असते, सुकामेवा आणि फळं वाटून केलेलं मातकट रंगाचं एक गोड मिश्रण असतं. मिसर देशात गुलामांनी ज्या चिखलानं विटा रचल्या त्याची ती आठवण. आणि घरातलं सगळ्यात धाकटं मूल विचारतं की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का. त्यानं विचारल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. कोकणातल्या बेने इस्रायल समाजात तर बकऱ्याच्या रक्तात पंजा बुडवून कोऱ्या कागदावर ठसा घ्यायचा आणि तो दारावर लावायचा, अशी जुनी चाल होती. निर्गमच्या पुस्तकातली चौकटीला लावलेल्या रक्ताची खूण रायगडातल्या घरांच्या दारांवर अशी उमटत असे. व्हीबीएसमध्ये पोस्टर कलरचे पंजे उमटवून त्याची फुलं आणि फुलपाखरं करतात, तेव्हा मला तो कागद आठवतो.

याच बेने इस्रायल मंडळींनी एकोणिसाव्या शतकात मराठीत कीर्तनं केली, योसेफाच्या आणि इतर बायबलमधल्या कथा आख्यानाला घेऊन. नगरकडच्या ख्रिस्ती समाजात कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची परंपरा सुरू केली, टिळकांनीही ती चालवली. आणि या सर्वांच्या किती आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात राशोलला 'ख्रिस्तपुराण' छापलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ते चर्चमध्ये गायलं जाई. म्हणून पाठांतराला नाकं मुरडणाऱ्या नव्या शिक्षकांशी मी सहमत नाही. ओवी तोंडात घोळवणं हेसुद्धा अंगानं केलेलं कामच आहे. सोनेरी वचनाची अडचण एवढीच की ते बहुधा गोष्टीपासून तोडून दिलेलं असतं, आणि पाठ म्हणणाऱ्याला चॉकलेट असतं.

नोहाची गोष्ट हा या सगळ्या प्रकाराचा कस पाहणारा धडा. तिच्याइतकी हातकामाला सोयीची गोष्ट बायबलमध्ये दुसरी नाही. कागदी थाळीची नौका, आइसक्रीमच्या काड्यांचं छप्पर, जोडीजोडीनं जिराफ आणि हत्ती, वर सात रंगांची कमान. नगरमध्ये एका वर्गानं नौकेची लांबी मैदानावर सुतळीनं मोजली. उत्पत्तीत माप दिलं आहे ते ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोठ्या माणसाचा हात साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे नौका १३५ मीटर. मुलांनी आपल्या हातानं मोजली तेव्हा ती तीसेक मीटरनं आखूड भरली, मग कोणाचा हात धरायचा यावर भांडण झालं. नोहा उंच होता का? देवाचा हात केवढा? फार छान तास झाला तो.

पण नौकेत न शिरलेल्या माणसांचं काय, हे त्या थाळीवर कुठेच येत नाही. सांगलीकडच्या एका टीचरनी मला जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो. "२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या इकडं महापूर आला, ते तुम्हाला माहीतच आहे. काही महिन्यांनी माझ्या वर्गात नोहाचा धडा आला. पुस्तकात जिराफ रंगवायचा होता. मी जिराफ वाटले आणि मलाच ते नको वाटलं. समोरची निम्मी पोरं पुरात घर सोडून शाळेत राहिलेली. मग म्हटलं, जिराफ राहू दे, नौकेच्या बाहेर काय काय राहिलं ते काढा. एकानं म्हैस काढली. एकीनं गॅसची शेगडी, पंखा, दप्तर. एकानं नुसता निळा रंग दिला पानभर. कोणी रडलं नाही हो, उलट गप्पा मारत काढत होती. एकजण म्हणाला, टीचर, देवानं परत पूर आणणार नाही असं वचन दिलं होतं ना? मी म्हटलं, पृथ्वी बुडवणार नाही म्हणाला होता. तो म्हणाला, आमची गल्ली पृथ्वीत येत नाही का?"

त्या पुढे काय म्हणाल्या, हे मी विचारलं. "काही नाही. त्याच्याजवळ जाऊन बसले."

काही पालकांना हे रुचलं नाही. मुलांना चर्चमध्ये आनंद वाटायला हवा, भयाच्या गोष्टी कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नाही असं नाही. चार वर्षांच्या मुलापुढे बुडालेलं जग मांडू नये. पण गोष्ट मुलांच्या वयाला झेपेल अशी सांगणं वेगळं आणि तिचा मधला भाग कापून जिराफ ठेवणं वेगळं. यरीहोच्या तटबंदीचंही हेच होतं. कागदाच्या पिपाण्या वाजवत मुलं बुटांच्या खोक्यांच्या भिंतीभोवती सात फेऱ्या मारतात, आरोळी ठोकतात, खोकी कोसळतात, धमाल येते. भिंतीआतल्या माणसांचं पुढे काय झालं हे यहोशवाच्या सहाव्या अध्यायात लिहिलेलं आहे. दहा-बारा वर्षांचं मूल ते स्वतः वाचतं, आणि मग त्याला खोकी आठवतात.

वसईत आलं की हातकाम आणि चर्च यांचं नातं एकदम सैल, घरगुती होतं. इथल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी खमिराचा दाखला पाहिला. एका बाईनं थोडंसं खमीर तीन मापं पिठात लपवलं आणि सगळं पीठ फुगलं, एवढाच तो दाखला. टीचरनी घरून फुग्यांसाठी भिजवलेलं पीठ आणलं होतं. इकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला फुगे होतात. पूर्वी पीठ ताडीनं आंबवत, आता यीस्ट घालतात. पातेलं झाकून खिडकीत ठेवलं. मुलं दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत होती आणि टीचर ओरडत नव्हत्या. "आत कोण ढकलतंय?" हा एका बालवाडीच्या मुलीचा प्रश्न. शेवटी फुगे तळले, खाल्ले. घरी न्यायला कोणाकडे काही उरलं नाही.

आणि नाताळचा गोठा. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव आणि गवतानं भरलेली गव्हाणी मांडली, तेव्हापासून हे लोण पसरलं. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे. बैल आणि गाढव नाहीत. ते दोघे यशयाच्या पहिल्या अध्यायातून चालत आले. म्हणजे हातांनी गोष्ट मांडायला घेतली की तीत भर पडते, ही काही आजकालची गोष्ट नाही. वसईत ती भर पाहण्यासारखी असते. विहीर येते, रहाट येतो, केळीची बाग येते, बैलगाडी येते, आरशाच्या तुकड्याचं तळं येतं. दिवाळीच्या किल्ल्यावर जसे अळीव पेरतात, तसे इथे नाताळाआधी डब्यांतून गहू आणि नाचणी रुजत घालतात. एका गोठ्यात मला मेंढपाळांच्या रांगेत ढाल-तलवारवाला एक मावळा दिसला. शेजारच्या मित्राच्या किल्ल्यावरून तो महिनाभराच्या बोलीवर आणला होता. "राखणीला," असं उत्तर मिळालं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली हे एका परीनं बरंच झालं. दुकानातले तयार गोठे कमी झाले आणि पेंढा, गोणपाट, चिखल पुन्हा अंगणात आले.

अडचण गोठ्यांच्या स्पर्धेची. स्पर्धा आली की बाबा, काका, कॉलेजातला दादा हाताशी येतात, विजेचे दिवे आणि मोटरवर चालणारा झरा येतो, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप ती पोरं वायर धरून उभी राहतात. शाळेच्या 'प्रोजेक्ट'चं जे झालं आहे तेच. तरी एका धर्मग्रामात घडलेला किस्सा सांगायलाच हवा. सातवी-आठवीच्या मुलांच्या एका गटाला टीचरनी सांगितलं होतं की बाहुल्या करण्याआधी मत्तयाचा दुसरा अध्याय वाचा. त्यांनी वाचला. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक किती होते हे तिथे लिहिलेलंच नाही. भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. राजे असल्याचाही उल्लेख नाही. मुलांनी खूप वाद घातला आणि पाच ज्ञानी केले, मुकुटांशिवाय. त्यांतल्या एकाच्या हातात काहीच नव्हतं, कारण कोणीतरी रिकाम्या हातानं आलं असणारच, असं एका मुलीचं म्हणणं पडलं.

परीक्षकांनी गुण कापले. शेरा होता, 'राजे तीन हवेत.' मुलांनी फादरना अर्ज लिहिला आणि सोबत अध्यायाचा आकडा जोडला. फादरनी अर्ज वाचला, मुलांचं म्हणणं बरोबर आहे असं मिस्सेनंतर सर्वांसमक्ष सांगितलं, पण निकाल काही बदलला नाही. पुढच्या वर्षी त्या गटानं स्पर्धेत नाव घातलं नाही. गोठा केला. त्या वर्षीचे ज्ञानी सात होते.